ग्रास कटर सीज झाला तर: पिस्टन बदलण्याआधी कारण शोधा

7 ऑक्टोबर 2025 ला, मंगळवारी दुपारी, कलमांची बेणणी, म्हणजे झाडांखालचं गवत काढणं, चालू असताना आमचा 43 सीसीचा टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारा) ग्रास कटर सीज झाला, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन जाम झालं. शेवटची काही मिनिटं ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येत नव्हता. मग आवाज एकदम चढला, किंचाळल्यासारखा झाला आणि इंजिन बंद. त्यानंतर स्टार्टरची दोरी तसूभर हलेना.

राजापूर तालुक्यात ऑक्टोबरमध्ये हे होणं म्हणजे वाईट वेळ. पाऊस ओसरतोय, गवत कमरेएवढं, भातकापणी तोंडावर असल्याने कोयता घेऊन बेणायला माणूस मिळत नाही. आणि गवत जागेवर वाळलं की पुढे उन्हाळाभर वणव्याची धास्ती. तेव्हा घाई होतीच. पण घाईत पिस्टन आणून बसवायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. सीज इंजिनात नवा पिस्टन घालणं फार अवघड नाही. तो का चिकटला हे न शोधता घातला, तर नवाही त्याच वाटेने जातो, आणि बहुतेकदा पहिल्याच टाकीत.

सगळ्यात आधी खात्री करायची ती ही, की अडकलंय ते इंजिनच. प्लग काढून दोरी हलक्या हाताने ओढून बघा. प्लग काढल्यावर फिरलं आणि भोकातून पेट्रोल उडालं, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं एवढंच, इंजिन ठीक आहे. तरीही हललं नाही तर क्लचच्या घरावरचे बोल्ट काढून लांब पाइप इंजिनापासून वेगळा करा. बऱ्याचदा पात्याजवळच्या गिअर बॉक्समध्ये ग्रीस संपून बेअरिंग जाम झालेलं असतं किंवा क्लच ड्रमभोवती गवताचा पीळ बसलेला असतो. मग स्टार्टरचं झाकण काढायचं, कारण कधी कधी त्याचीच स्प्रिंग तुटून अडकते. हे सगळं बाजूला केल्यावर मॅग्नेट (स्टार्टरमागचं क्रँकवरचं चाक) हाताने फिरवून बघितला. फिरला नाही. म्हणजे पिस्टनच.

चाकांच्या लॉन मोअरवालेही हा प्रश्न घेऊन येतात, म्हणून एक गोष्ट इथेच. त्यांचं इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक असतं, ऑइल पेट्रोलमध्ये नाही, खाली वेगळं भरायचं असतं. पावसाळाभर पडवीत उभं राहून अडकलं असेल तर तो गंज असतो. प्लगच्या भोकातून तेल घालून दोन-तीन दिवस ठेवलं की ते इंजिन बऱ्याचदा सुटतं आणि पुढे चांगलं चालतं. चालता चालता ऑइल संपून बंद पडलं असेल तर मात्र कनेक्टिंग रॉडचं ॲल्युमिनियम क्रँकला चिकटलेलं असतं, आणि ते तेलाने सुटलं तरी काम संपत नाही, रॉड बदलावाच लागतो. पुढचं सगळं टू-स्ट्रोकचं आहे. ग्रास कटर, चेन सॉ आणि टू-स्ट्रोक फवारणी पंप यांना ते जवळपास तसंच लागू पडतं.

8 तारखेला मशीन शहरातल्या सर्व्हिस सेंटरला नेलं. जाताना जीएसटीचं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड दोन्ही घेतलं होतं. ते घेऊनच जा, नाहीतर जॉब कार्डच बनत नाही. मशीन वॉरंटीत होतं, पण कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ऑइलअभावी किंवा चुकीच्या मिश्रणामुळे सीज झालेलं इंजिन वॉरंटीत बसत नाही. काउंटरवरच्या मुलाने सायलेन्सरही न काढता जॉब कार्डावर ‘ऑइल कमी’ असं लिहिलं आणि ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), पिस्टन व मजुरी धरून 4,600 रुपयांचं एस्टिमेट दिलं. काम दिवाळीनंतर. ‘कारण तपासणार का?’ विचारलं, तर ‘दादा, ब्लॉक-पिस्टन टाकला की चालू होते’ हे उत्तर. मशीन परत घेतलं. तुम्हीही परत घेत असाल तर जॉब कार्ड ‘काम न करता परत’ असं लिहून बंद करून घ्या आणि त्याची प्रत जपा. पुढे वॉरंटीचा वाद काढायचा झाला तर इंजिन तुम्ही आधी उघडलेलं नव्हतं याचा तेवढाच कागद असतो.

त्याच संध्याकाळी पहिली तपासणी टाकीतल्या पेट्रोलची केली. याला एक पैसा लागत नाही. पांढऱ्या कागदावर टाकीतल्या मिश्रणाचा एक थेंब आणि शेजारी साध्या पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. थोड्या वेळात पेट्रोल उडून जातं. ऑइल मिसळलेलं असेल तर तेलकट गोल डाग मागे राहतो, साध्या पेट्रोलचा डाग जवळपास दिसत नाही. आमच्या थेंबाचा डाग चांगला ठसठशीत होता. म्हणजे मिश्रण होतं. उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी वेगळा थर नव्हता, म्हणजे पाणीही नव्हतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये काही महिने राहिलेलं पेट्रोल तळाशी थर धरू शकतं. तो थर टाकीत गेला तर त्यासोबत ऑइल पुरेसं जात नाही आणि इंजिन कोरडं पडतं. म्हणून ही बाटलीची तपासणी टाळू नका.

9 तारखेला सायलेन्सर काढला. इथे लक्ष देऊन बघायचं असतं. एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची बाजू थेट दिसते. टॉर्च मारली तर रिंगांपासून खाली उभ्या, राखाडी, खरवडल्यासारख्या रेघा आणि ॲल्युमिनियम पसरल्याचे चट्टे. मग कार्ब्युरेटर काढून मागच्या खिडकीतून बघितलं. तिकडची बाजू गुळगुळीत, कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघाही शाबूत. प्लग कोरडा आणि पांढुरका.

पिस्टनवरच्या खुणा वाचता आल्या की अर्धं काम होतं. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर ऑइल नव्हतंच, कोणीतरी साधं पेट्रोल भरलं. फक्त कार्ब्युरेटरच्या बाजूने, स्कर्टच्या (रिंगांखालच्या पिस्टनच्या भिंतीच्या) खालच्या भागात, पॉलिश केल्यासारखी मंद झीज असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय. डोक्याला भोक पडलं असेल किंवा कडा वितळली असेल तर आतलं तापमान फारच वर गेलं होतं. आणि फक्त एक्झॉस्टच्या बाजूने रेघा असतील, मागची बाजू चांगली असेल, तर इंजिन तापलंय. त्याची कारणं दोन: हवा थंड करत नव्हती, किंवा पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आत येत होती. एक्झॉस्टची बाजू सर्वांत गरम असते, म्हणून आधी तीच फुगते आणि धरते. आमचं मशीन या शेवटच्या वर्गातलं. ॲक्सिलरेटर सोडूनही आवाज न उतरणं हीसुद्धा जादा हवेचीच खूण. कुठूनतरी चोरटी हवा येत असणार.

पण आधी पिस्टन सुटायला हवा. प्लगचं भोक वर येईल असं इंजिन उभं करून आत दोन चमचे डिझेल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइलचं निम्मं-निम्मं मिश्रण घातलं. एक्झॉस्टच्या खिडकीतून गंज सोडवायचा स्प्रे मारला. नुसतं डिझेलही चालतं, वेळ जास्त लागतो. मग ठेवून द्यायचं. दोरी ओढून जोर काढायचा नाही, स्टार्टरचे प्लास्टिकचे दात तुटतात. प्लगच्या भोकातून लोखंडी सळईने पिस्टन ठोकायचा तर मुळीच नाही. डोक्याला भेग पडते आणि वाचू शकणारा ब्लॉकही जातो. 11 तारखेला मॅग्नेटच्या नटावर पाना लावून आवळायच्या दिशेने अगदी थोडा दाब दिला, सोडला, पुन्हा दिला. उलट्या दिशेने जोर दिला तर नटच सुटतो. बराच वेळ काही नाही, आणि मग पान्याखाली केसभर हालचाल जाणवली. त्या क्षणी खूप हायसं वाटलं, कारण इंजिन फिरलं म्हणजे क्रँक आणि रॉडचं बेअरिंग शाबूत असण्याची आशा असते. थोडं तेल, थोडं फिरवणं, असं करत पूर्ण फेरा मिळाला.

आता बहुतेक जण सिलिंडर उघडतात. तिथेच थांबा. चोरट्या हवेची तपासणी इंजिन खोललेलं नसतानाच होते, उघडल्यावर नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची खोली हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथेच ओढलं जातं. क्रँकची दोन ऑइल सील, सिलिंडरखालचं गॅस्केट आणि कार्ब्युरेटर ज्यावर बसतो तो प्लास्टिकचा ठोकळा, यांपैकी कुठेही फट पडली की तिथून बाहेरची हवा शिरते. त्या हवेत ना पेट्रोल ना ऑइल. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त वेगाने आणि जास्त गरम फिरतं, आणि वंगणही कमी पडतं. नवा पिस्टन घालूनही ती फट तशीच राहते.

दाबाच्या तपासणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. घरात जुनं, डायलवालं बीपीचं मशीन असेल तर त्याचा रबरी फुगा, नळी आणि डायल घ्या. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं पांढरं अंग हळूच फोडून काढायचं आणि उरलेल्या लोखंडी कवचात ती नळी एम-सीलने घट्ट बसवायची. रात्रभर सुकू द्यायची. सायलेन्सरच्या जागी स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून सायलेन्सर पुन्हा आवळायचा, की एक्झॉस्ट बंद. कार्ब्युरेटरच्या जागी तसाच तुकडा आणि त्यावर जाड पत्र्याची पट्टी, पण मधला प्लास्टिकचा ठोकळा काढायचा नाही, त्याचीही परीक्षा व्हायला हवी. पिस्टन पूर्ण खाली ठेवायचा, म्हणजे वरची जागा आणि खालची क्रँकची खोली आतल्या वाटांनी जोडलेली राहते. स्कर्टच्या फटीतून हवा मागच्या खिडकीतही पोहोचतेच.

12 तारखेला, रविवारी सकाळी, फुगा दाबून डायल 250 वर आणला. हे मिलिमीटर पाऱ्याचं माप झालं, म्हणजे साधारण 0.33 बार. डायलच्या 300 च्या पुढे जाऊ नका, त्याहून जास्त दाबाची गरजही नाही. चांगल्या इंजिनात काटा एक मिनिटभर जवळजवळ जागचा हलत नाही. आमचा काटा काही सेकंदांत शून्याकडे निघाला. आधी बीपीची नळी आणि प्लगचा जोड साबणाच्या पाण्याने तपासला, कारण गळती तिथेच असली तर सगळाच अंदाज चुकतो. तिथे काही नव्हतं. मग सिलिंडरच्या बुडाला पाणी लावलं, ठोकळ्याला लावलं. बुडबुडे नाहीत. क्लचच्या बाजूने नाहीत. मॅग्नेटच्या मागून मात्र फेस यायला लागला.

मॅग्नेट काढल्याशिवाय सील दिसत नाही. नट सोडताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची. पिस्टन वर येऊन दोरीवर टेकतो आणि थांबतो. पेचकस अडकवू नका, पंख्याची पाती तुटतात. नट निघाल्यावर मॅग्नेट टेपरवर, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकावर, घट्ट बसलेला असतो, त्याला पुलर लागतो. मोटारसायकलच्या गॅरेजमधून मॅग्नेट पुलर मागून आणला, मधला बोल्ट बदलून तो बसला. मॅग्नेट निघाल्यावर पुन्हा दाब दिला. सीलच्या ओठातून बुडबुड्यांची सरळ माळ निघत होती. ओठाचं रबर नखाने दाबलं तर दबेना, प्लास्टिकसारखं कडक झालेलं.

सील एवढ्या लवकर का कडक झालं, तेही तिथेच दिसलं. वरचं प्लास्टिकचं आवरण काढलं तर सिलिंडरच्या पंखांमधल्या खाचा वाळक्या गवताच्या भुशाने आणि तेलकट मातीने जवळजवळ बुजलेल्या होत्या. पंखा हवा फेकत होता, पण ती सिलिंडरपर्यंत जात नव्हती. इंजिन रोजच जरा जास्त तापत होतं, आणि बारीक माती सीलच्या ओठावर घासत होती. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कारणं एकाच मशीनमध्ये होती. ग्रास कटर वापरणाऱ्या प्रत्येकाने हे आवरण हंगामात अधूनमधून काढावं असं माझं ठाम मत आहे. मोजून तीन-चार स्क्रू असतात आणि लाकडाची काडी व ब्रश पुरतो. प्रेशर वॉशर नको, पाणी सीलमधून आत जातं.

सिलिंडर काढला तेव्हा वरची रिंग खोबणीत चिकटलेली होती. पिस्टन गेलाच. प्रश्न ब्लॉकचा होता. या स्वस्त मशीनांचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून कठीण क्रोमचा पातळ थर दिलेला असतो. सीज होताना बऱ्याचदा क्रोम खरवडला जात नाही, पिस्टनचं मऊ ॲल्युमिनियम त्यावर चोपडलं जातं. ते काढलं की ब्लॉक वाचतो. ते काढायला फरशी धुवायचं ॲसिड वापरा असं पुष्कळ जण सांगतात. क्रोमच्या सिलिंडरला ते लावू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोमच खातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि क्रोमला हात लावत नाही. हार्डवेअरच्या दुकानात तुंबलेली मोरी साफ करायला मिळतो तोच.

अर्ध्या वाटी पाण्यात दोन छोटे चमचे सोडा घातला. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतं. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची हवी, ॲल्युमिनियमची अजिबात नको. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम उघड्यावर, कारण यातून हायड्रोजन निघतो. कान साफ करायच्या बडने फक्त राखाडी चट्ट्यांवर लावलं. लगेच फेस आला. एखाद्या मिनिटाने पुसून काढायचं, पाण्याने धुवायचं, बघायचं, लागलं तर पुन्हा. खिडक्यांच्या कडांना उघडं ॲल्युमिनियम असतं, तिथे सोडा जाऊ देऊ नका, नाहीतर कडाच खाल्ल्या जातील. फेस येणं थांबलं म्हणजे चोपडलेलं संपलं. मग भरपूर पाण्याने धुऊन, सुकवून, आतून टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा हात फिरवला आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या तिरक्या रेघा मारल्या. आता नख फिरवून बघायचं. नख कुठे अडकलं, किंवा चकचकीत थरात पांढुरका, मऊ डाग दिसला, तर क्रोम गेला असं समजून नवा ब्लॉक घ्या. आमच्या सिलिंडरमध्ये नख अडकलं नाही.

13 तारखेला सुटे भाग मागवले. मागवताना ‘43 सीसीचा पिस्टन’ एवढ्यावर भागत नाही. इंजिनावर 1ई40एफ असा नंबर असतो. त्यातला 40 म्हणजे सिलिंडरचा व्यास 40 मि.मी. 52 सीसीच्या मशीनवर 1ई44एफ असतं, त्याचा 44 मि.मी. दोन्हींचा स्ट्रोक बहुधा 34 मि.मी. असल्याने बाहेरून दोन्ही इंजिनं सारखी दिसतात आणि दुकानदारही गोंधळतात. जुना पिस्टन मोजून, गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) व्यास मोजून, फोटोसह ऑर्डर द्या. ऑइल सीलचा आकार सीलवरच छापलेला असतो: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते आकडे घेऊन तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात गेलं की सील हातोहात मिळतं. सील दोन्ही बाजूंची बदला, एक कडक झालं असेल तर दुसरं फार मागे नसतं.

पार्सल दिवाळीच्या गर्दीत अडकलं. ‘17 तारखेला पोहोचेल’ म्हणून सांगितलेलं ते भाऊबीजेनंतर, 24 तारखेला आलं. हे दिवस फार जड गेले, समोर गवत पिवळं पडताना दिसत होतं. त्या वेळात शेजाऱ्यांचं मशीन सकाळच्या वेळी मागून घराभोवतीची आणि काजूखालची पट्टी तेवढी मारून घेतली.

25 तारखेला जोडणी. नवी रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. 40 मि.मी.च्या सिलिंडरला साधारण 0.15 ते 0.4 मि.मी. फट चालते. फटच नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि पुन्हा सीज. जुनी सील काढताना क्रँकवर ओरखडा येऊ द्यायचा नाही. नवं सील ओठ आतल्या बाजूला करून, ओठाला ऑइल लावून, योग्य मापाच्या सॉकेटने समतल ठोकायचं.

पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो एक्झॉस्टकडे. गजन पिनची लॉक नवीच वापरायची. बसवण्याआधी क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. लॉक हमखास निसटतं आणि आत पडलं तर सगळं इंजिन खोलावं लागतं. लॉकचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली, आडवं नको. खोबणीत बारीक खुंटी असते, रिंगेची टोकं तिच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत. सिलिंडर वरून बसवताना पिस्टनखाली लाकडाची चीर दिलेली पट्टी ठेवली की पिस्टन हलत नाही. बोटांनी रिंगा दाबून सिलिंडर सरळ खाली आणायचा, गोल फिरवायचा नाही, फिरवला की रिंगेचं टोक खिडकीत अडकून तुटतं. बुडाचं गॅस्केट मूळ जाडीचंच हवं. त्याऐवजी सिलिकॉन थापू नका, जास्तीचं आत सुटून बेअरिंगमध्ये जातं. बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे.

कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातली फट 0.3 मि.मी. फिलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल आवळा. प्लगची फट 0.6 ते 0.7 मि.मी. त्यानंतर कार्ब्युरेटर लावण्याआधी बीपीच्या मशीनने पुन्हा दाब दिला. काटा 250 वर उभा राहिला. मला सगळ्यात जास्त समाधान इथे वाटलं. इंजिन चालू होणं त्याच्यानंतरचं.

पेट्रोलचा रबरी पाइप आणि टाकीतला फिल्टरही बदलले. इथेनॉलमुळे हे पाइप फुगून मऊ पडतात, आणि पाइपातून हवा ओढली गेली तर तीही मिश्रण पातळच करते.

26 तारखेला सकाळी चालू केलं. प्रायमरचा फुगा पेट्रोल दिसेपर्यंत दाबला, चोक लावून दोरी ओढली, थोड्या प्रयत्नांनी घेतलं. आत राहिलेल्या तेलाचा धूर सुरुवातीला बराच येतो, घाबरू नका. पाच मिनिटं आयडलवर ठेवून बंद केलं, पूर्ण थंड होऊ दिलं आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळले. पहिल्या टाकीत पात्यावर जाड झुडपं घ्यायची नाहीत, साधं गवत घ्यायचं, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत राहायचं. मोकळ्यावर, गवताशिवाय, पूर्ण ॲक्सिलरेटर कधीच धरायचा नाही. नायलॉनच्या दोरीचं डोकं वापरत असाल तर संरक्षक पत्र्यावरची कापायची पाती काढून टाकू नका. दोरी लांब राहिली की इंजिनावर ओझं येतं आणि क्लच घसरून तापतो.

मिश्रणाचं माप एकच पक्कं करा. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत 25:1 दिलंय, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 40 मि.लि. टू-टी ऑइल, 5 लिटरला 200 मि.लि. काही कंपन्यांच्या मशीनला चांगल्या ऑइलवर 50:1 चालतं, तेव्हा लिटरला 20 मि.लि. ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असेल ते घ्या, आणि ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी हा दर्जा बघा. मोटारसायकलचं फोर-टी ऑइल यात चालत नाही. माप घ्यायला मेडिकलमधली 50 मि.लि.ची सिरिंज सोयीची. मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवून त्यावर ‘ग्रास कटर, ऑइल घातलेलं’ असं ठळक लिहा. मशीन चालवणारा माणूस दर दिवशी तोच असेल असं नसतं.

खर्च असा आला: रिंगा, पिन आणि लॉकसह पिस्टन 480 रुपये, दोन सील 160, गॅस्केट 120, प्लग 110, पाइप-फिल्टर 80, स्प्रे 190, कॉस्टिक सोडा 60 आणि कुरिअर 90. एकूण 1,290. ब्लॉक वाचला नसता तर हजारभर रुपये आणखी लागले असते. जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. बिलं सगळी जीएसटीची घेतली. एक सील किंचित लहान आलं होतं, ते बिल दाखवल्यावर दुकानदाराने बदलून दिलं.

9 नोव्हेंबरला, बाग मारून झाल्यावर, सायलेन्सर पुन्हा काढला आणि टॉर्च लावून खिडकीतून बघितलं. पिस्टनच्या बाजूवर कारखान्यातल्या आडव्या रेघा तशाच होत्या, उभी एकही नव्हती. प्लगचं टोक फिकट तपकिरी. पावसाळ्यापूर्वी मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटरमधलं संपून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल घालून दोरी हळूच दोन-तीनदा ओढून ठेवायची.